कारणाचा रकाना

फॉर्म दोन पानांचा. शेवटची तारीख मंगळवार.
एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत आम्ही सहाजण
बंद पडलेल्या रॅकवर कागद टेकवून हिशोब करतो.
कलीम इनामदारनं पहिल्याच दिवशी सही ठोकली,
त्याला देगलूर रोडला टायरचं दुकान टाकायचंय.
बिरादार म्हणतो, थांबा की, अजून वाढवून देतेत.
बिरादार तीस वर्षं हेच म्हणतो, कशाहीबद्दल.

माझं वय छप्पन्न. राहिली चार वर्षं.
एका बाजूला चार वर्षांचा पगार,
दुसऱ्या बाजूला एकरकमी, आणि आत्तापासून पेन्शन.
धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. घराचे नऊ हप्ते.
बेरीज दर वेळी वेगळी येते.
एकदा साठ हजारांनी नोकरी जिंकली,
चहा पिऊन पुन्हा मांडलं
तर घर.

उदगीरच्या रस्त्यांखाली काय आहे, ते मला विचारा.
चौबाऱ्याजवळचा जॉइंट पाणी धरतो.
मुलींच्या शाळेच्या भिंतीलगत केबल अचानक डावीकडे वळते,
कारण तिथं तेव्हा एक लिंब होता
आणि मुकादमाला तो तोडवला नाही.
लिंब गेला. वळण आहे.
ऑफिसातला नकाशा चुकलेला आहे.
बरोबर नकाशा माझ्यापाशी आहे, तो कागदावर नाही.
ह्याचे किती धरायचे?

गुंडप्पा मास्तरांनी आम्हाला पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं:
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
पांढरा-तपकिरी, पांढरा-राखाडी.
मग लाल. मग काळा.
जोडी सुटली तर माणूस सुटला, म्हणायचे.
तीनशे जोड्यांची केबल मी कंदिलाच्या उजेडात बांधलीय,
खड्ड्यात गुडघाभर पाणी असताना,
आणि सकाळी बाजार समितीचे सगळे फोन
एकदम वाजले होते.

गेल्या दिवाळीच्या आसपास कधीतरी
खड्ड्यातल्या तारा सगळ्याच वरणाच्या रंगाच्या झाल्या.
मी बॅटरीला शिव्या दिल्या. सेल बदलले.
मग गुरांच्या दवाखान्याचा नंबर लावला
की तहसीलदारांच्या घरी घंटी वाजायची.
एक बाई त्यांना पहाटे विचारत होती,
म्हैस उठत नाही, काय पाजू?
ऑफिस हसलं. मीही हसलो, जरा जास्तच.

त्यानंतर ठेक्यावरचा ओंकार
बॅटरी धरता धरता हळूच पुटपुटायला लागला,
न विचारता, दुसरीकडे बघत:
काका, ह्यो हिरवा. काका, ह्यो निळा.
मी म्हणायचो, दिसतंय मला.

सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर
मी पुन्हा कागद काढला.
महानंदा मशीनवर. लग्नसराई, फॉल-पिकोचा ढीग.
जरा मोरपंखी रीळ द्या, म्हणाली, मान वर न करता.
डबा घेऊन मी बल्बखाली गेलो.
हाताला कागद लागला.
प्रत्येक रिळाच्या बुडाला चिठ्ठी, डिंकानं चिकटवलेली,
तिचं चौथीपर्यंतचं अक्षर, प्रत्येक अक्षर बोराएवढं:
निळं. हिरवं. राणी. मोरपंखी.
तिला कशाला लागतंय हे?
अंधारात नुसत्या बोटांनी रंग ओळखणारी बाई.

कधी लावल्यास ह्या?
झाली की दोन वर्षं.
मशीन थांबलं नाही.

मी मोरपंखी दिलं.
मग बसलो. आकड्यांचा कागद उलटा केला,
त्यावर चष्मा ठेवला.
फॉर्मवर अकरा नंबरचा रकाना,
निवृत्ती घेण्याचे कारण, आणि पुढं
बोटभर रेघ.
त्या रेघेवर काय काय मावलं असतं.
घरगुती, असं लिहिलं.
वेलांटी रेघेच्या खाली गेली.

मंगळवारी दारातच बिरादारनं गाठलं,
काय, शेवटी कोणता आकडा बसला?
मी ओंकारला शोधत होतो.
तो सायकलीची चेन बसवत होता, हात काळे.
म्हणलं, धुऊन ये अन् एक वही आण, मोठी.
काय लिहायचंय काका?
चल तर. त्या लिंबापासून सुरू करू.
कोणता लिंब? तो म्हणाला.